आधी बघितलेला पोरगा

शंभुलिंग कुठंही गेला तरी आधी त्याची हनुवटी पोचते आणि मागून तो, असं नळदुर्गात म्हणायचे. पहिल्यांदा ते त्यानंच म्हटलं होतं, मग गावानं उचललं. हायवेला लागून त्याचं ताडपत्री आणि दोरखंडाचं दुकान होतं. एखादा ट्रक ड्रायव्हर पायरी चढताना त्याच्या तोंडाकडं बघून जरा थबकला की हा आतूनच सांगायचा, "या मालक, जपून या. माल बाहेर आलाय, लाल फडकं बांधायचं राहिलंय." ड्रायव्हर हसायचा, आणि हसलेला माणूस सहसा हात हलवत परत जात नाही.

त्याचा हिशेब सरळ होता. लोक हसणारच, तर ते हसू आपल्या खात्यावर जमा झालेलं बरं. माणसंही तो याच मापानं जोखायचा. सरळ हनुवटीकडं बघणारी माणसं प्रामाणिक. नजर कपाळाला चिकटवून बोलणारी माणसं जपून राहण्याजोगी. आणि पोटभर बघून झाल्यावर गोड आवाजात "तब्येत बरी हाय न्हवं" विचारणारी जी होती, त्यांना तो दोराचा भाव कधी कमी करायचा नाही. स्वतःला मात्र त्यानं कुठल्याच रकान्यात बसवलं नव्हतं. दाढी करताना तो आरसा इतका तिरका धरायचा की निम्मा वेळ त्यात मागच्या खुंटीवरचा टॉवेल दिसायचा.

दाढ दुखते म्हणून तो सोलापूरला गेला तेव्हा डॉक्टरीणबाईंनी दाढ बघितली, मग त्याचं तोंड एका अंगाला वळवून नुसत्याच बघत बसल्या. म्हणाल्या, दोष दाढेचा नाही. खालचा जबडा लांब वाढलाय, वरचा मागं राहिलाय, म्हणून समोरचे दात एकमेकाला टेकतच नाहीत.

"शेजारी राहणारे भाऊ हायत, बाई," शंभुलिंग म्हणाला. "बोलचाल बंद हाय."

बाई हसल्या, पण पुढचं सांगायचं सोडलं नाही. आधी वर्ष-दीड वर्ष दातांना तार. मग ऑपरेशन. तोंडाच्या आतूनच जबडा कापायचा, मागं-पुढं करून जागेवर बसवायचा, पट्ट्या आणि स्क्रूनं आवळायचा. बाहेर व्रण नाही. आणि एक गोष्ट आधीच सांगते, त्या म्हणाल्या, तार लावल्यावर चेहरा अजून वाईट दिसेल. जबड्याची चूक झाकायला तुमचे दात इतकी वर्षं वाकडे झुकून उभे आहेत. आम्ही त्यांना सरळ करणार. म्हणजे चूक उघडी पडणार.

गावात त्यानं सांगितलं की चावता येत नाही म्हणून तार लावलीय. हे खरं होतं. पेरूसुद्धा तो कडेच्या दातांनी कुरतडायचा. पण ते अर्धंच खरं होतं. उरलेलं अर्धं त्यानं आईलाही सांगितलं नव्हतं. त्याला लग्नाच्या फोटोत समोर बघून उभं राहायचं होतं.

आता बघा, माणसाचं नशीब कसं मोक्याच्या वेळी तोंड काढतं. तारेनं दात सरळ झाले, हनुवटी आयुष्यात कधी नव्हती एवढी पुढं आली, आणि नेमकं तेव्हाच माकणीचं स्थळ आलं. मुलगी शिवलीला, डी. फार्म. झालेली, लोहाऱ्यात एका मेडिकलवर बसायची. दिवाळीनंतर शंभुलिंग आईला, शिवकांताबाईंना, घेऊन मुलगी बघायला माकणीला गेला. गेला तो बसायच्या आधीच सुरू झाला. "पाण्याचा तांब्या लांब ठेवा, हनुवटी बुडंल," इथपासून ते "तुमच्या माकणीच्या धरणाला दार कमी पडलं तर सांगा, आमी हाय" इथपर्यंत. मुलीचे वडील माणिकप्पा गुडघ्यावर थाप मारून हसले. मुलीची आज्जी इरम्मा खांबाला टेकून बसली होती. ती हसली नाही, नुसती बघत होती. मुलीला दोन प्रश्न विचारायचे होते, ते तिच्या ओठावरच राहिले, कारण शंभुलिंग मध्ये श्वास घ्यायलाही थांबला नाही.

परतीच्या वाटेवर तो आईला म्हणाला, "नकार येतोय बघ. निदान फुकट हसून घेतलं त्यांनी."

होकार आला. पोरीला पसंत आहे म्हणे.

शंभुलिंगला आनंद व्हायच्या आधी धसका बसला. ऑपरेशनची तारीख पौषातली धरलेली होती. पौषात लग्नकार्य नसतं, दुकानालाही जरा उसंत असते. आता हे माकणीला सांगायचं का? शिवकांताबाईंनी विषय तिथंच मोडला.

"सोयरीक जुळताना ऑपरेशन हा शबूद तोंडातनं काढू नगंस. तू जबडा म्हणशील, ते फिट म्हणतील. दुसऱ्या गावाला जाईपतूर पोटात गाठ झालेली असंल."

"आन् नंतर दिसल्यावर?"

"चांगलं निघाल्यावर कोण भांडायला येतंय?"

हा हिशेब शंभुलिंगला पटला. पटला म्हणजे सोयीचा वाटला. वाईट चेहरा दाखवून होकार मिळवलाय, वैशाखात लग्नाला चांगला चेहरा घेऊन उभं राहू, देणाऱ्यानं मापात जास्त घातलं तर घेणारा का रडेल? हिशेबात एकच गोष्ट धरायची राहिली, ती म्हणजे आपण कापडाचं ठाण नसून नवरदेव आहोत.

ऑपरेशनच्या आधी डॉक्टरीणबाईंनी सगळं पुन्हा समजावून सांगितलं. सूज येईल. ओठ आणि हनुवटी बधिर राहतील, काही महिने, क्वचित काही भाग कायमचा. वरचे-खालचे दात रबरानं बांधून ठेवू, त्यामुळं काही आठवडे पातळच प्यायचं, बोलणं दातांतल्या दातांत. मन उदास होतं, त्याला घाबरू नका, ते सूज उतरते तसं उतरतं. शंभुलिंगनं सगळ्याला मान हलवली. त्याला फक्त बोलणं बंद राहणार हे ऐकू आलं होतं, आणि ते त्याला खोटं वाटलं.

शुद्धीवर आला तेव्हा तोंड कुणीतरी परक्याचं होतं. नाक चोंदलेलं, घशात कोरड, डोकं उंच उशीवर, गालांवर बर्फाच्या पिशव्या. तिसऱ्या दिवशी सूज एवढी भरली की शिवकांताबाई दारातच थांबल्या आणि नर्सला म्हणाल्या, "माझा पोरगा कुठल्या खाटेवर हाय?" शंभुलिंगनं हात वर केला. त्यानं यावर काहीतरी फर्मास बोलायचं ठरवलं, पण दात रबरानं आवळलेले. जे बाहेर आलं ते चहाच्या किटलीसारखं नुसतं सूं झालं.

दोस्त योगीराज भेटायला आला. त्यानं खाटेवरच्या त्या भोपळ्याचा फोटो काढला आणि "लवकर बरा हो भावा" असं लिहून व्हॉट्सॲपच्या स्टेटसला ठेवला. हे शंभुलिंगला फार पुढं कळलं.

घरी आल्यावर शिवकांताबाईंनी मिक्सर देवघराच्या शेजारी मांडला, कारण दिवसभर तोच चालायचा. आमटी, वरण, ज्वारीची आंबील, खिचडी, जे शिजेल ते दळून, गाळून सिरिंजमध्ये. सिरिंजची नळी गालाच्या कोपऱ्यातून आत सरकवायची आणि हळूहळू दाबायचं. तोंड साफ करायला लहान मुलाचा ब्रश. भेटायला येणारे मात्र रिकाम्या हातानं कसे येतील? कुणी शेंगदाण्याची चिक्की आणली, कुणी कडक भाकरीची चळत आणि शेंगाचटणी. प्रत्येकजण पुडी त्याच्या मांडीवर ठेवून म्हणायचा, "खा, ताकद येईल." शंभुलिंग पुडीकडं बघायचा आणि गालातून ताक ओढायचा.

कपडे ढिले झाले. आमटी हनुवटीवरून ओघळून सदऱ्यावर पोचायची तेव्हा कुठं त्याला कळायचं की ओघळ आला होता, कारण हनुवटी बधिर होती. जन्मभर जिच्यावर विनोद केले ती आता शेजाऱ्याची असल्यासारखी वाटत होती. आणि दुकान. दुकानात तो तासभर बसायला लागला, मुकाट. तर गिऱ्हाईक म्हणे, "शेठ सुधारले. आता भाव लवकर सांगत्यात."

एका संध्याकाळी त्यानं आरसा सरळ धरला. सूज बरीच उतरली होती. आतला माणूस बरा दिसत होता, सरळ नाक, बेताची हनुवटी, ओठाला ओठ टेकलेला. एखाद्या बँकेत बसून कर्ज नाकारणाऱ्या माणसासारखा. त्याच्याशी कोणत्या नात्यानं बोलावं ते शंभुलिंगला सुचेना. त्यानं आरसा उलटा ठेवला.

पुढच्याच आठवड्यात माकणीची जीप दारात उभी राहिली. आगाऊ निरोप नाही. माणिकप्पा उतरले, मागून काठी टेकत इरम्मा. योगीराजचं स्टेटस कुणाच्या तरी मोबाईलमधून माकणीला पोचलं होतं, आणि तिथवर जाताना जबड्याचा अपघात, अपघाताचा मार, माराची पोलीसकेस असा प्रवास करून आलं होतं.

इरम्मा बाजेवर टेकली. शंभुलिंग पाया पडायला वाकला. तिनं त्याच्या हनुवटीला हात लावून तोंड वर केलं, उजेडाकडं वळवलं, या अंगानं बघितलं, त्या अंगानं बघितलं.

"इव अल्ल," ती कानडीत पुटपुटली. मग सगळ्यांना कळावं म्हणून मराठीत म्हणाली, "ह्यो न्हाय."

"काय न्हाय, आज्जी?" शिवकांताबाईंनी विचारलं.

"आमी बघितलेला पोरगा ह्यो न्हाय. ह्यो कोण हाय? धाकला हाय का?"

"धाकला कुठला, एकुलता एक हाय माझा. ऑपरेशन झालंय जबड्याचं."

"व्हय? आन् ते कधी ठरलं हुतं?"

शिवकांताबाईंनी पदर सारखा केला. ऑपरेशन आदल्या दिवशी ठरत नसतं, हे जीपच्या ड्रायव्हरलाही माहीत असावं.

माणिकप्पांनी सांभाळून घ्यायचा प्रयत्न केला. "आये, पोरगं त्योच हाय. डोळं बघ की."

"डोळं काय बघू, माणिक? माझ्या बहिणीला थोरला दावला आन् बोहल्यावर धाकला हुबा केला. तवा बी सगळी म्हणत हुती, पोरगं त्येच हाय." इरम्मानं काठी मांडीवर आडवी घेतली. "जन्मभर नांदली बिचारी. पर दाल्ल्यानं सांगितलेल्या एका गोष्टीवर तिचा इस्वास बसला न्हाय. बाहेर पाऊस पडतोय म्हणला तरी दार उघडून बघायची."

शंभुलिंग आत जाऊन आधार कार्ड घेऊन आला. इरम्मानं ते डोळ्याजवळ धरलं, फोटोकडं बघितलं, त्याच्याकडं बघितलं. "हां. आमी बघितलेला ह्यो," ती कार्डावर बोट ठेवून म्हणाली. आपल्याच विरुद्धची साक्ष सरकारी शिक्क्यानिशी आणून दिल्याचं शंभुलिंगच्या लक्षात आलं तेव्हा कार्ड माणिकप्पांच्या हातात गेलं होतं आणि तेही मान तिरकी करून बघत होते.

"बैलाच्या बाजारात शिंगं साळून, रंग देऊन आणत्यात," इरम्मा उठत म्हणाली. "बैल चांगला बी असतोय. पर मी त्यो कधी घेतला न्हाय. शिंगं कुणासाठी साळली, ह्ये इचारलं की मालक दुसरीकडं बघतोय." ती शिवकांताबाईंकडं वळली. "जबडा लपिवला. आणखी काय काय लपिवलंय, ते तुमचं तुमी बघा. आमी पोरीला सांगतो."

चहाला कुणी हात लावला नाही. जीप गेली.

जीप लोहाऱ्याच्या वाटेला लागली असेल नसेल तोच शंभुलिंगचा मोबाईल वाजला. व्हिडिओ कॉल, शिवलीलाचा. मेडिकलच्या मागच्या खोलीत औषधाच्या खोक्यांवर बसली होती. तिनं त्याच्याकडं सरळ बघितलं, बराच वेळ. सरळ हनुवटीकडं बघणारी माणसं कुठल्या रकान्यातली, हे त्याला पाठ होतं, पण आता त्यात दिलासा सापडेना.

"वडलांचा फोन आला हुता," ती म्हणाली. "सगळं कळलं. मला एकच सांगा. मी मेडिकलवर बसते. रोज अनोळखी माणसं येऊन मला मूळव्याध सांगत्यात, लाजत लाजत का हुईना, सांगत्यात. तुमाला मला जबडा सांगता आला न्हाय?"

शंभुलिंगला तीन उत्तरं एकदम सुचली. तिन्ही चांगली होती. मूळव्याधीवरचं तर फारच. पण दात बांधलेल्या माणसाला एकेक शब्द दातांच्या फटीतून ढकलून बाहेर काढावा लागतो, आणि विनोद असा ढकलत आणला की दारात पोचेपर्यंत शिळा होतो. त्यानं तोंड हलवलं, थांबला, पुन्हा हलवलं.

"भ्या वाटलं," तो म्हणाला.

"कशाचं?"

"तुमी हो म्हणला हुता. त्याला हात लावायचं भ्या वाटलं."

मागून कुणीतरी तापाची गोळी मागितली. ती उठून गेली, देऊन आली, परत खोक्यावर बसली.

"मी हो का म्हणलं ठाऊक हाय का?"

त्यानं नाही म्हणून मान हलवली. त्याला वाटलं आता ती हनुवटीबद्दल काहीतरी चांगलं बोलेल आणि आपल्याला ती सोलापूरला टाकून आल्याचं दुःख करायला लागेल.

"तुमी लई बोलत हुता. मला वाटलं, हा माणूस घाबरलाय. आमच्या घरी येऊन घाबरलेला पहिलाच हुता. बाकीचे मला बाजार बघितल्यावाणी बघून गेले." तिनं केस मागं सारले. "तोंडाचं माझं काय म्हणणं न्हाय. पर आज्जी खोटं बोलत न्हाय. तुमी आमाला फसवलंच. आता असं करा. रविवारी माकणीला या. पुन्यांदा बघायचा कार्यक्रम करू. आल्यावर सगळं आज्जीला सांगायचं, तुमच्या तोंडानं. आई बोलणार न्हाय. आन् रबरं काढायच्या आधी यायचं."

"रबरं निघाल्यावर नीट बोलता येईल," तो दातांतून म्हणाला.

"म्हणूनच," ती म्हणाली, आणि फोन ठेवला.

रविवारी योगीराजनं त्याला मोटारसायकलवर नेलं. पापक्षालन म्हणून पेट्रोल त्यानंच टाकलं. मागं बसलेल्या शंभुलिंगच्या जबड्यात प्रत्येक खड्डा वेगळा मोजून बसत होता. शिवकांताबाई एसटीनं येऊन आधीच पोचल्या होत्या आणि सुनेनं, म्हणजे होऊ घातलेल्या सुनेनं, त्यांना स्वयंपाकघराच्या उंबऱ्याजवळ बसवून ठेवलं होतं.

माणिकप्पांनी भावकीतली चार माणसं बोलावली होती. सतरंजी तीच, खांब तोच, खांबाला टेकलेली इरम्मा तीच. शंभुलिंग बसला. कुणीतरी पाणी दिलं, तो घेऊ शकला नाही. लोक त्याच्या तोंडाकडं बघत होते आणि त्याच्याकडं लाल फडकं नव्हतं.

"बोला," माणिकप्पा म्हणाले.

शंभुलिंग बोलला. जबडा जन्मापासून असा. दाढ दुखली म्हणून गेलो. ऑपरेशन तुमी बघायच्या आधीच ठरलेलं हुतं. आईनं सांगू नको म्हणलं, पर मला बी सांगायचं नव्हतं. चावता येत नाही हे खरं. इथं तो अडला. लाळ हनुवटीवर आली होती बहुतेक, कारण समोरचा एक म्हातारा आपलीच हनुवटी पुसायला लागला. शंभुलिंगनं रुमालानं चाचपून पुसली.

"आन् फोटो," तो म्हणाला.

"कसला फोटो?" इरम्मा म्हणाली.

"लग्नाचा. चांगला यावा वाटलं."

उंबऱ्याजवळ शिवकांताबाईंनी पदर तोंडाला लावला. हे त्याही पहिल्यांदाच ऐकत होत्या. ओसरीवर कुणी हसलं नाही. शंभुलिंगला ते फार अवघड गेलं. हसले असते तर कुठं ठेवायचं ते त्याला माहीत होतं.

इरम्मा त्याच्याकडं बघत राहिली. मग तिनं विचारायला सुरुवात केली. आत काय घातलंय? पट्ट्या. लोखंडाच्या? न्हाय, गंजत न्हायत. काढायच्या हायत का? शक्यतो न्हाय. थंडीत ठणकतंय का? थोडं. दारू? न्हाय. पोरांचं तोंड कसं निघंल, आधीच्यासारखं का आताच्यासारखं?

"आधीच्यासारखं निघू शकतंय," तो म्हणाला. डॉक्टरीणबाईंना त्यानं हे मुद्दाम विचारलं होतं. ही गोष्ट त्याला कुणी विचारली नसती तर त्यानं ती सांगितली असती का, याचा विचार करायला वेळ मिळाला नाही, आणि ते बरंच झालं.

भावकीत कुजबुज झाली. माणिकप्पांनी आईकडं बघितलं. इरम्मानं आतल्या दाराकडं काठी केली.

"शिवलीला. बाहेर ये. तुला इचारते. आधीचा तुला पसंत हुता. ह्यो कसा हाय?"

शिवलीला दारात येऊन उभी राहिली. या वेळी तिच्या हातात पोह्यांच्या बशा नव्हत्या. तिनं शंभुलिंगकडं बघितलं. तो कपाळावर घाम घेऊन बसला होता, आणि सगळ्या आयुष्यात पहिल्यांदाच दुसऱ्यानं बोलायची वाट बघत होता.

"आधीचा लई बोलायचा," ती म्हणाली. "ह्यो बरा हाय."

माणिकप्पांनी गुडघ्यावर थाप मारली. ओसरी हलकी झाली, कुणीतरी पंचांग मागवलं, शिवकांताबाई उंबरा ओलांडून आल्या. शंभुलिंगनं हसायचा प्रयत्न केला. ओठ कुठवर गेला ते त्याला कळलं नाही.

इरम्मा मात्र अजून उठली नव्हती. तिनं त्याला काठीनं जवळ बोलावलं.

"एक ध्यानात ठेव," ती म्हणाली. "आता लगीन लागंपतूर काय बी बदलायचं न्हाय. नाक हाय तसं ऱ्हाऊ दे."

"व्हय," शंभुलिंग म्हणाला, आणि तेवढंच म्हणाला.